बँकॉकला तू जेवली नाहीस

अक्का,

परवा नांदेडच्या विहारात तुझी शोकसभा झाली आणि एकजात सगळे खोटं बोलले. मुद्दाम नव्हे गं, माणूस गेलं की बोलतात तसं. गायकवाड गुरुजी म्हणाले, सिस्टरबाई हसत हसत गेल्या. तुझ्या दवाखान्यातली एक जुनी नर्स म्हणाली, मरणाची भीती नावालासुद्धा नव्हती. मी पुढे सतरंजीवर बसून तोंडात आलेलं गिळत होते. शेवटचा महिनाभर तुझ्या उशाशी मी होते, हे बोलणारे नव्हते. तू हसत नव्हतीस. तू कण्हत होतीस, माझ्यावर खेकसत होतीस, आणि वरणाचा चमचा तोंडाशी नेला की हाताने उडवून लावत होतीस.

गुरुजींनी मलाही बोलायला उभं केलं. "अक्का माझी मोठी बहीण होती," एवढं म्हणाले आणि खाली बसले. लातूरला मेस चालवणारी बाई मी, क्लासच्या पोरांची अख्खी पंगत एका आवाजात गप्प करणारी. पण परवा दुसरं वाक्य काही आलं नाही.

सभा झाल्यावर प्रज्ञा माझ्याबरोबर लातूरला आली. तुझ्या घरात एकटीनं थांबवेना म्हणाली. उद्या सकाळी ती पुण्याला जाणार. काल आम्ही दोघी जेवायला बसलो, आणि तिनं भाजी चिवडत विचारलं, "मावशी, बँकॉकला काय झालं होतं? जाताना आई केमोला हो म्हणून गेली होती. आली ती नाही म्हणत. तिला माझ्यासाठीसुद्धा थांबावंसं वाटलं नाही का?"

उद्या सांगते म्हटलं. तो उद्या आज उजाडला. अर्धी गोष्ट मला सांगता येते, ती बँकॉकची. उरलेल्या अर्ध्या गोष्टीवर तू माझं तोंड बांधून गेलीस, आणि पोरीला नेमकी तीच पाहिजे. म्हणून आधी तुझ्याशी बोलून घेते. ती तुझ्या साड्या पिशवीत भरत बसलीय, मी मेसच्या मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्याला टेकून लिहितेय.

सौदा तूच केला होतास. छातीतली गाठ काढून झाली, केमोचा पहिला कोर्स झाला, आणि तपासणीत लिव्हरवर परत काहीतरी दिसलं. डॉक्टर म्हणाले, दुसरा कोर्स घेऊ. किती गुण येईल ते आज सांगता येत नाही, पण घेऊन बघू. तू नोकरीभर लोकांना सलाईन लावत आलेली, तुला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तू प्रज्ञाला फोनवर म्हणालीस, कोर्स घेते, पण आधी मला गुरुजींच्या सहलीबरोबर जाऊ द्या. आपल्या विहारातली रिटायर माणसं दरसाल कुठंतरी बुद्धाच्या देशात जातात, यंदा थायलंड होतं, आणि तुझं नाव तू दुखणं निघायच्या आधीच दिलेलं होतं.

प्रज्ञा तयार नव्हती. मीच मध्ये पडले. म्हटलं, मी जाते बरोबर, तिचं खाणंपिणं माझ्याकडं. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं: थोडं खा पण सारखं खा, पोट रिकामं ठेवू नका, वजन आणखी उतरलं तर पुढचा कोर्स झेपायचा नाही. हे मी मनात कोरून घेतलं. धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, डिंकाचे लाडू केले. हैदराबादच्या विमानतळावर त्या तपासणीवाल्यानं चटणीचा डबा उघडला, वास घेतला आणि गपकन बंद केला. तू इतकी हसलीस की मागची माणसं बघायला लागली. तुझं तसं हसणं मी बऱ्याच महिन्यांनी ऐकलं होतं.

बँकॉकला पुरा असा एकच दिवस होता, परतायच्या आदल्या दिवशी. गुरुजींनी फर्मान काढलं, आज सगळ्या बायांनी पांढरी साडी नेसायची. आपण पौर्णिमेला विहारात नेसतो तीच, निळ्या काठाची. तू डोक्याला नेहमीसारखा रुमाल बांधलास. केस गेल्यापासून तो रुमाल तू माझ्यासमोरही सोडत नव्हतीस, भुवया गेल्या त्या पेन्सिलीनं काढत होतीस. त्या दिवशी घाईत भुवया राहिल्या. आणि त्या मोठ्या विहाराच्या दारात पाटी, डोक्यावरचं सगळं उतरवा. मी पहारेकऱ्याशी भांडायला निघाले होते. तू माझा हात धरलास, रुमाल सोडलास, घडी घालून पर्समध्ये ठेवलास आणि सरळ आत गेलीस.

आत तो सोन्याचा पहुडलेला बुद्ध. डोक्यापासून पायापर्यंत चालत जाईस्तोवर गुरुजींना धाप लागली. लोक उदबत्त्या लावत होते, एका लहान मूर्तीला सोन्याचा वर्ख चिकटवत होते, एक बाई नळकांड्यात काड्या खुळखुळवून नशीब बघत होती. गुरुजी लालबुंद झाले. म्हणाले, आपल्या बापजाद्यांनी हे सगळं सोडून दीक्षा घेतली, आणि इथं विहारातच हे? तू म्हणालीस, गुरुजी, पाहुणे म्हणून आलोत, सासूच्या नजरेनं बघू नका. सगळे हसले, गुरुजीसुद्धा. मग तू त्या पायांपाशी बराच वेळ उभी राहिलीस. उजव्या कुशीवर झोपवलंय, आपण पेशंटला झोपवतो तसं, असं मला म्हणालीस.

बाहेर आलो आणि शाळेच्या पोरींचा घोळका समोरून आला. तुला बघताच पोरी बाजूला झाल्या, हात जोडून पार वाकल्या. पुढं एक फुलवाली वाकली. मग एक सुटाबुटातला माणूस, त्यानं तर फोन खिशात घालून हात जोडले. मला वाटलं फार सभ्य लोक आहेत बाई. पण माझ्यासमोर कुणी वाकेना. पांढरी साडी माझीही होती. माझा अंबाडा मात्र मुठीएवढा. मी तुला म्हटलं, अक्का, तुझ्या तोंडावर काय लिहिलंय बघू. तू अवघडून सगळ्यांना उलटे हात जोडत होतीस, आणि तू जोडलेस की ते आणखी वाकत होते.

आपल्याबरोबरचा गाईड तिथलाच, पण स्वतःचं नाव राजू सांगायचा आणि मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्यानं सांगितलं. तिथं काही बाया घरदार सोडून विहारात राहतात, डोकं आणि भुवया काढतात, पांढरं नेसतात. लोक तुला त्यातली समजत होते. हिंदुस्तानातून आलेली माताजी. मला हसू फुटलं. तुला नाही फुटलं.

बाकीची मंडळी बामच्या बाटल्या आणि हत्तीचे शर्ट घ्यायला गेली. तुझे पाय दुखत होते म्हणून आपण दोघी राजूबरोबर गल्लीतल्या एका हातगाडीवर बसलो. चालवणारी बाई आपल्या आईएवढी. मोठ्या पातेल्यात तांदळाची पेज रटरटत होती, वरून आलं आणि कोथिंबीर. तुला बघितलं आणि तिनं हातातला डाव खाली ठेवला. हात पुसले. वाटीत पेज वाढली, आणि ती गाडीमागून येऊन तुझ्यासमोर फरशीवर गुडघे टेकून बसली. वाटी दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलून तिनं तुझ्यापुढं धरली.

तू घेईनास. तुझे हातच वर येईनात. का ते मला माहीत होतं.

आपली आई मुरुडला एका कास्तकाराच्या शेतात कामाला जायची, सणाच्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहायची. त्या घरची बाई वाईट नव्हती. भरपूर द्यायची, नाव घेऊन विचारपूस करायची. फक्त देताना हात उंच धरायची आणि पोळी वरून सोडायची, आईच्या पदरात. एका सणाला तू आईबरोबर गेली होतीस. घरी येऊन म्हणालीस, मी न्हाई खाणार. आईनं आधी समजावलं, मग मारलं. तू दिवसभर उपाशी राहिलीस आणि मी तुझ्या वाट्याचीही पोळी खाल्ली. लहान होते, गोड लागली.

आणि आता ही म्हातारी खालून वर वाटी धरून बसलेली. मी राजूला म्हटलं, तिला सांग बाबा, ही कुणी माताजी नाही, आजारी आहे, औषधानं केस गेलेत. राजूनं तोंड उघडलं. तू म्हणालीस, "नको सांगू."

एवढंच म्हणालीस. राजू तुझ्याकडं बघत राहिला, माझ्याकडं बघितलं, आणि गप्प बसला. तू वाटी घेतलीस.

मग त्या बाईनं डोळे मिटून काही म्हणायला घेतलं. चाल परकी, उच्चार परके, मला काही कळलं नाही. तू मात्र लगेच उचललंस. त्रिसरण होतं ते. ती तिच्या चालीवर, तू नांदेडच्या चालीवर, कुठं ती पुढं कुठं तू मागं, पण शेवटाला दोघी एकत्र थांबलात. तिच्या डोळ्यांत पाणी. आता तर तिची खात्रीच पटली असणार. मी पर्स उघडली तर तिनं माझा हात धरून परत बंद केली.

आणि अक्का, तू ती पेज खाल्लीस. सगळी. कित्येक दिवस चमचा दोन चमचे गिळून तोंड फिरवणारी तू वाटी पुढं केलीस आणि परत वाढून घेतलंस. मला त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं. मी म्हटलं, झालं काम, हिला चव आली. आता कोर्स झेपणार.

म्हणून तर दुपारी माझं डोकं फिरलं. होडीनं नदी ओलांडून आपण पलीकडच्या विहारात गेलो, त्या उंच पायऱ्या मला नको आणि तुलाही नको, म्हणून खाली झाडाच्या सावलीत बसलो. मी डबा उघडून लाडू पुढं केला. तू मान हलवलीस.

"बारा वाजून गेले, विमे."

मला कळेचना. मग लक्षात आलं. आपण पावसाळ्यातल्या पौर्णिमेला अष्टशील घेतो, तेव्हा दुपारनंतर जेवत नाही. त्या पांढरं नेसणाऱ्या बाया रोजच दुपारनंतर जेवत नाहीत, हे राजूनं सांगितलं होतं. मी म्हटलं, आज कुठली पौर्णिमा? आणि तू कुठली त्यांच्यातली? तू म्हणालीस, "त्या बाईनं काय समजून दिलं? तिचं अन्न पोटात हाय अजून. आजच्या दिवस तरी ते खरं होऊ दे."

मी तुला नाही नाही ते बोलले. फसवलंस तिला, आता वरून व्रत करतेस म्हटलं. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते ओरडून सांगितलं. एका अनोळखी बाईच्या गैरसमजापायी तू स्वतःच्या पोटाला मारतेस, हे कुठलं शहाणपण? तू ऐकून घेतलंस, आणि लाडूचा डबा माझ्या हातातून घेऊन झाकण लावून परत दिलास. उपाशी राहणं हे तुझं जुनंच हत्यार. आईचं त्यापुढं काही चाललं नाही, माझं काय चालणार होतं?

मग बाजार झाला, ते चौकातलं रंगीत देऊळ झालं, गारेगार मॉल झाला. मी प्रत्येक ठिकाणी काहीतरी विकत घेत राहिले: केळी, नारळपाणी, कापलेला आंबा. नारळपाणी तेवढं घेतलंस. जिथं जाऊ तिथं लोक तुला उठून जागा देत होते. आणि मला, तुझ्या सख्ख्या बहिणीला, तुझ्याशेजारी बसायचीही चोरी. मे महिन्यासारखं ऊन होतं. तुझे ओठ सुकले होते, पण चेहरा, खोटं कशाला बोलू, चेहरा कसा निवल्यासारखा दिसत होता. त्याचाच मला जास्त राग येत होता.

संध्याकाळी नदीतल्या मोठ्या बोटीवर जेवण ठरलेलं होतं. दिवे काय, गाणी काय, हिंदी सिनेमाची गाणी लावून त्यांनी आपल्या मंडळींना नाचायला उठवलं. गुरुजींच्या मंडळी पदर खोचून नाचल्या. टेबलं भरून अन्न मांडलेलं, आपल्याकडचं वरण-भातसुद्धा होतं. मी एक ताट वाढलं, मऊ भात, वरण, दही, फळं, आणि कठड्याशी तुझ्यासमोर आदळलं. म्हटलं, खा, नाहीतर मी उद्या विमानात बसणार नाही.

तू ताटाकडं बघितलं नाहीस. पलीकडच्या काठावर विहारांचे कळस उजळले होते, त्यांच्याकडं बघत बोललीस. एकदाच बोललीस, पण मी ते विसरायची नाही.

"विमे, दवाखान्यात माझं डोकं बघून लोक काय करत्यात? च्च करत्यात. मीसुद्धा केलंय आयुष्यभर पेशंटला. वाईट न्हाई ते, पण वरूनच येतंय गं ते. आज त्याच डोक्याला लोकांनी हात जोडले. खोट्यानं का होईना. मला आता परत त्या केमोच्या खुर्चीत जाऊन बसायचं न्हाई. मी कोर्स घेणार न्हाई."

बोटीवर गाणं चालू होतं. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मग म्हटलं, मान पाहिजे म्हणून जीव देणार तू? तू म्हणालीस, "जीव कुठं देऊन राहिले मी? तो जाऊनच राहिलाय. कसा जायचा तेवढं माझ्या हातात हाय." मी विचारलं, आणि प्रज्ञा? तू पदर खांद्यावर ओढून घेतलास. मग म्हणालीस, ती शहाणी आहे, तिचं ती बघेल. मी ते ताट उचलून नेऊन ठेवलं आणि एका खुर्चीत तोंड फिरवून बसले. बँकॉकमधलं आपलं जेवण ते असं झालं.

परत आल्यावर तू डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलंस. प्रज्ञा नांदेडला धावत आली, रडली, भांडली, मी तिच्या बाजूनं भांडले. दर रविवारी मी बसनं यायचे आणि भांडण जिथं सोडलं तिथून पुढं सुरू करायचे. तू म्हणायचीस, विमे, आधी चहा पी. माझं म्हणणं एकच होतं, आजही तेच आहे. हात जोडणारे रस्त्यानं निघून गेले. च्च करणारी माणसं रात्रंदिवस तुझ्यासाठी पळत होती. त्यांचं च्च म्हणजे दया नव्हती, त्यांना तू हवी होतीस. हे मी तुला धड शब्दांत कधी सांगू शकले नाही. भांडणात नुसता आवाज चढायचा.

पण हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मीही त्या सभेतल्यांसारखीच. ते पुढचे काही महिने तू फार छान जगलीस. रुमाल कायमचा गेला. उघड्या डोक्यानं नांदेडच्या बाजारात भाजी घ्यायला जायचीस, कुणी बघितलं तर तूही बघायचीस. अर्धापूरहून मैत्रिणीनं केळीचा घड पाठवला तर सगळ्या गल्लीत वाटलास. लातूरला येऊन माझ्या मेसमध्ये बसायचीस आणि रात्रभर जागून अभ्यास करणाऱ्या पोरांना झोपायचं महत्त्व समजावायचीस. पोरं मला विचारायची, काकू, त्या डॉक्टर आजी परत कधी येणार? मी म्हणायचे, डॉक्टर नाही, सिस्टर. माझ्या हातची मुगाची खिचडी तू चाटूनपुसून खाल्लीस त्या दिवसांत. दुपारी बारानंतरसुद्धा.

मग दुखणं उसळलं आणि सगळं संपलं. आणि आता ती गोष्ट, जी तू कुणाला सांगू दिली नाहीस.

शेवटच्या महिन्यातली एक दुपार होती. तुला भिंतीशी टेकवून बसवलं होतं, मी मुगाचं पाणी चमच्यानं पाजत होते. तू दोन चमचे घेतलेस, माझं मनगट धरलंस. पकड कसली, नुसती बोटं. आणि लहान पोरीसारखं विचारलंस, "विमे, आता सुरू करता येईल का गं?"

मी विचारलं, काय? तू म्हणालीस, "कोर्स. विचार की डॉक्टरला. प्रज्ञाला पण विचार, सुट्टी मिळंल का तिला."

मी ओसरीवर जाऊन फोन लावला. डॉक्टर चांगले होते, त्यांनी मला रागवायला हवं होतं, रागावले नाहीत. म्हणाले, आता शरीर घेणार नाही, तुम्ही त्यांना दुखू देऊ नका. मी फोन ठेवून तिथंच जात्याच्या दगडावर बसून राहिले. आत आले तेव्हा माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. तू विचारलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू शुद्धीवर होतीस, नेहमीची कडक सिस्टर. म्हणालीस, "काल मी बोलले ते कुणाला सांगू नको. प्रज्ञाला तर न्हाईच. आई मर्जीनं गेली, असंच राहू दे तिच्या मनात. न्हाईतर आयुष्यभर हळहळत राहील." मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. तुझा घाम पुसला. तू ते होच धरलंस.

तू इज्जत राखून गेलीस, अक्का. परवाच्या सभेत ती सगळ्यांनी ओंजळीत धरून मिरवली. पण तुझी पोर काल माझ्यासमोर भाजी चिवडत बसली होती, आणि तिच्या मनात तू तिला मागं ठेवून, ठरवून, समाधानानं निघून गेलेली बाई आहेस. हळहळ लागू नये म्हणून तू तिला ही शिक्षा दिलीस. पेशंटच्या नातेवाइकांना कधी काय सांगायचं हे तुला कळायचं, असं सगळे म्हणायचे. इथं तू चुकलीस असं मला वाटतं. मला खात्री नाही. तू असतीस तर भांडून ठरवलं असतं.

इथवर लिहिलं आणि प्रज्ञानं हाक मारली. तुझी ती पांढरी साडी न्यावी की इथं ठेवावी, असं विचारत होती. मी म्हटलं, ने. आणि तिला आत घेऊन खोलीचं दार लोटलं.

मी तिला सगळं सांगितलं. पेज, म्हातारी, बोट, खुर्ची. ती ऐकत होती, साडीच्या घडीवरून इस्त्री फिरवल्यासारखा हात फिरवत. मग ती दुपार सांगितली. ती ताडकन उठली. म्हणाली, तेव्हाच का नाही कळवलंस मला? मी त्या रात्री निघून आले असते. मी म्हटलं, आईनं नको म्हटलं होतं. म्हणाली, आईचं काय ऐकतेस, मी तुझी कुणी नाही का? ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मला वाटलं झालं, केलं मी वाटोळं, तू म्हणालीस तेच खरं होतं, आता ही पोर जन्मभर हळहळणार.

बऱ्याच वेळानं ती माझ्याजवळ येऊन पोत्यावर बसली.

"माझी सुट्टी विचारली आईनं?"

"हो."

"कसं म्हणाली? जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. तुझ्यासारखं, हळू, अडखळत, तिचं मनगट धरून. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, परत सांग."

मी परत सांगितलं.